घड उतरलेल्या बागेतली चोरी

पीनल कोड वाचून कोणाला फौजदारी कायदा येत असेल तर येवो बापडा. मला तो वांग्याचं भरीत खाऊन आला. हे मी आजवर चारचौघांत कबूल केलं नाही, कारण वकिलानं कबुली देऊ नये असं मीच जन्मभर पक्षकारांना सांगत आलो. पण आता सनद पेटीत पडली आहे, दातही पेटीतच असतात, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी मूळचा धुळ्याचा, पांझरेच्या पलीकडच्या देवपुरातला. दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी सनद घेतली आणि जळगावला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली राहिलो. अख्खं कोर्ट त्यांना नाना म्हणे, मीही म्हणे. नानांच्या घराला रस्त्याच्या बाजूनं लांब ओटा होता. सकाळी त्या ओट्यावर पक्षकार बसत आणि आतल्या बैठकीत नाना मला कायदा शिकवत. दार उघडंच असे. नानांचा आवाज असा, की ते दार लावलं असतं तरी फरक पडला नसता.

नाना शिकवत ते सगळं भरताच्या भाषेत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गुन्ह्याच्या पायऱ्या किती?"

मी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी हात वर केला. "पोपट नको मला. ऐक. तुझ्या मनात आलं की भरीत खावं. हा झाला विचार. विचाराला शिक्षा नाही, नाहीतर जळगावात एक माणूस बाहेर राहिला नसता. मग तू वांगी आणलीस, जाळाला कपाशीच्या पऱ्हाट्या जमवल्यास, मिरच्या निवडल्यास. ही तयारी. दरोड्याची तयारी वगैरे सोडली तर तयारीलाही शिक्षा नाही, कारण अजून तुला घरी जायची बुद्धी होऊ शकते. वांगं जाळावर ठेवलंस की प्रयत्न सुरू. इथून पुढं कायदा तुझा हात धरतो. आणि घास घशाखाली गेला की गुन्हा पुरा. समजलं?"

"समजलं. आणि कट?"

"कट वेगळा. एकटा माणूस मनातल्या मनात हजार वेळा चोरी करो, कोणी विचारत नाही. पण तू मला म्हणालास, 'नाना, रविवारी शेजाऱ्याची वांगी उचलू,' आणि मी म्हणालो, 'उचलू,' की झालं. वांग्याला हात न लावता दोघंही आत. दोन डोकी एक झाली की विचाराचाच गुन्हा होतो."

"आणि जे होणारच नाही असा गुन्हा असला तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे चोरायला गेला, पण तिथं चोरण्यासारखं काही नव्हतंच."

नाना हसले. "लोणच्याच्या बरणीत हात घातलास आणि बरणी रिकामी निघाली, म्हणून तू साधू ठरत नाहीस. हात घातलास ना? प्रयत्न झाला. बरणी रिकामी होती हे तुझं नशीब, तुझा बचाव नव्हे."

हे धडे ओट्यावर कोण कोण ऐकत होतं, याचा आम्ही दोघांनीही विचार केला नाही.

ओट्यावर जी माणसं बसत त्यांत एक सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतावर राहिलेला गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल संपतं आणि त्याच दिवशी नवं ठरतं. त्या दिवशी मालकानं "राहा" म्हटलं तर वर्षभराची भाकर, नाही म्हटलं तर बिऱ्हाड डोक्यावर. याच्या मालकाचा नानांकडे बांधाचा दावा चालू होता. मालक स्वतः कधी येत नसे, कागद घेऊन यालाच पाठवी. पन्नाशीचा, सुकलेल्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. मी त्याला भाऊ म्हणे, तो मला वकीलसाहेब. येऊन ओट्याच्या कोपऱ्यात उकिडवा बसे आणि कागदाचं उत्तर मिळेपर्यंत दोन-दोन तास हलत नसे.

पौष महिन्यातल्या एका रविवारी जळगावच्या वकील मंडळींचं भरीत ठरलेलं असे. मेहरूणच्या तळ्याकडे नानांच्या एका स्नेह्याचं शेत होतं, तिथं सगळे जमत. पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात भाजलेली हिरवी वांगी, लाकडाच्या बडगीत ठेचलेली मिरची, कांद्याची पात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. कामं वाटून दिलेली असत. ज्येष्ठांकडे खाण्याचं, मधल्यांकडे चुका काढण्याचं आणि सर्वांत धाकट्याकडे जेवायला आणि खाली अंथरायला केळीची पानं आणण्याचं. त्या वर्षी सर्वांत धाकटा मी.

माझा स्वभाव तेव्हाही तापटच. खोटं बोललेलं मी खपवून घेईन, पण काम सांगितल्यावर चार प्रश्न विचारलेले मला खपत नसत. शुक्रवारी मी कोर्टाच्या गडबडीत होतो, कोटाची एक बाही घातलेली, एक लोंबती. ओट्यावर तो सालदार दिसला. म्हटलं, "भाऊ, रविवारी सकाळी मेहरूणला पन्नास पानं पाहिजेत. केळीची. आणाल ना?"

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "कथाइन आनू?"

कथाइन म्हणजे कुठून. प्रश्न सरळ होता, पण मला उशीर झाला होता.

"कुठूनही आणा."

"कथाइनबी?"

"अहो, कुठूनही. फक्त धुऊन आणा."

एवढंच बोलणं झालं. मी दुसरी बाही चढवली आणि टांगा गाठला.

रविवारी मेहरूणला सगळं आलं, पानं आली नाहीत. दहा वाजले, अकरा वाजले. वांगी भाजून झाली, सोलून झाली, भरीत बडगीत पडलं आणि बारा-पंधरा वकील रिकाम्या हातांनी माझ्याकडे बघत बसले. मग मी जे तोंड सोडलं! या लोकांना काम सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, मान हलवतील आणि घरी जाऊन झोपतील, लबाड कुठले, असं बरंच काही. शेवटी मंडळींनी भाकरी हातावर घेतली आणि भरीत भाकरीवर. सरकारतर्फे खटले चालवणारे फौजदारही पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "पानं नव्हती म्हणून जेवण कमी गेलं." मी आणखी चिडलो. त्या माणसाला भेटल्यावर काय काय सुनवायचं हे ठरवत दुपारभर हरभऱ्याच्या बांधावर लोळलो.

सोमवारी सकाळी नानांच्या ओट्यावर एक बाई बसलेली होती. नवं लुगडं नव्हतं, पण धुतलेलं होतं. मला पाहून उभी राहिली. त्या सालदाराची बायको ती. शनिवारी दुपारी पिंप्राळ्याच्या शिवारात एका बागाईतदाराच्या केळीच्या बागेत त्याला पकडलं होतं. हातात विळा, खांद्यावर दोरी आणि काखेत गोणपाट. त्या बागेतून पंधरा दिवसांत दोनदा घड चोरीला गेले होते, म्हणून बागाईतदारानं राखणीला माणूस बसवला होता. राखणदारानं धरला, बागाईतदारानं चौकीवर दिला आणि चौकीवर त्यानं कबूल करून टाकलं.

"काय कबूल केलं?" मी विचारलं.

"केया चोराले गयथा म्हने." केळी चोरायला गेलो होतो, असं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "मालक म्हने, चोर सालदार माले नको. आखाजीले त्यास्ले कोन ठेई, वकीलसाहेब?"

मी शनिवारी काय करत होतो ते आठवेना, पण शुक्रवारी एक बाही लोंबत असताना काय बोललो ते मात्र अक्षर न् अक्षर आठवलं. आणि रविवारी मी त्याला लबाड म्हणालो होतो तेव्हा तो चौकीच्या कोठडीत होता. मला स्वतःची लाज वाटली. इतकी, की बाईला बसा म्हणायचंही सुचलं नाही.

आतून नाना म्हणाले, "ही केस तू घे. तुझी पहिली फौजदारी. सोपी आहे."

कोठडीशी जाऊन त्याला भेटलो. त्यानं मला पाहून उठायचा प्रयत्न केला, मी खाली बसवलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही पानांसाठी गेला होतात ना?"

"हां."

"मग केळी चोरायला गेलो होतो असं का सांगितलंत?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. पहारेकरी लांब होता. तरी तो माझ्या कानाशी आला. "त्यास्नी इचारं, कोनासाठे? मी तुमनं नाव सांगं नही."

"पण का?"

"दोन जन व्हयनात का कट व्हस," तो म्हणाला. "एकला मानूसना मनमा काय शे, ते कोन देखस? नाना सांगस ना. म्हनीसन मी सांगं, बठ्ठा गुन्हा मन्हा एकलाना शे."

दोघे झाले की कट होतो. एकट्याच्या मनात काय आहे ते कोण बघतो, म्हणून सगळा गुन्हा माझ्या एकट्याचा. दोन-दोन तास ओट्यावर बसून त्यानं नानांचा कायदा ऐकला होता आणि माझ्यापेक्षा चांगला पाठ केला होता. माझं नाव घेतलं तर दोघे होतील, कट होईल, दोघेही अडकू. नाव नाही घेतलं तर एकटा, आणि एकट्याला कमी. शिवाय नुसतं 'पानांसाठी' म्हटलं असतं तर 'कोणाची पानं, कशाला' हे ओघानं आलंच असतं. म्हणून त्यानं केळी सांगितली. हिशेब चोख होता, फक्त कायदा तसा नव्हता.

"आणि मी तुम्हाला धुऊन आणा म्हटलं होतं," मी उगाचच बोललो.

"धोवाले गोनपाट ओलं करी लेयेल व्हतं," तो म्हणाला. "पानं वाळतंस नही तर."

पोलिसांचे कागद मिळाले. त्यात दोन कलमं होती. एक, चोरीचा प्रयत्न. दुसरं, 'अज्ञात इसमाशी संगनमत करून' कट. फौजदारांना मागच्या दोन चोऱ्यांचा तपास लावायचा होता. एकट्या माणसाला घडांनी भरलेली गाडी नेता येत नाही, तेव्हा जोडीदार असणारच, असा त्यांचा तर्क. म्हणजे हा आत गेला की मागच्या दोन चोऱ्याही त्याच्या अंगावर चढणार होत्या. मी तो 'अज्ञात इसम' हा शब्द दोनदा वाचला. ज्ञात इसमाचं वकीलपत्र अज्ञात इसमाच्या खिशात होतं. असली केस जळगावच्या कोर्टात त्याआधी आली नसेल.

तारीख गुरुवारची पडली. मध्ये तीन दिवस मी नानांच्या मागंपुढं करत होतो. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं विचारत होतो. "नाना, समजा, एखाद्या माणसानं दुसऱ्याला काहीतरी आणायला सांगितलं."

"समजलं."

"कुठून आणायचं ते सांगितलं नाही."

"मग?"

"दुसऱ्यानं जरा... आपल्या बुद्धीनं आणलं. तर पहिला अडकतो का?"

नाना पान लावत होते. "पहिला वकील आहे का?"

"समजा आहे."

"मग त्याला समजा म्हणायची सवय असते," नाना म्हणाले आणि चुना पुसला. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण मला चुलीवर तसंच ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं.

मग मी दुसरा मार्ग काढला, आणि तो मला इतका आवडला की रात्री उठून बसलो. त्या बागेतले घड शनिवारी सकाळीच उतरवले होते, गाड्या भरून स्टेशनवर गेल्या होत्या. दुपारी बागेत एकही केळ नव्हतं. जिथं केळच नाही तिथं केळीची चोरी होणार कशी? अशक्य गुन्हा! माझं नाव न घेता माणूस सुटणार. सकाळी धावत जाऊन नानांना सांगितलं.

"बरणी," नाना म्हणाले.

"काय?"

"लोणच्याची बरणी. रिकामी. हात घातला ना त्यानं? तोच म्हणतोय घातला. तू म्हणतोस बरणी रिकामी होती. मग काय झालं?" थोडं थांबून ते म्हणाले, "पण बरणीत हात कशाला घातला, हे विचार. लोणच्याला घातला, की बरणी धुवायला?"

तेव्हा माझ्या डोक्यात ते ओलं गोणपाट आलं. पंचनामा काढला. मुद्देमालात लिहिलं होतं, 'विळा एक, दोरी एक, गोणपाट एक, ओले.' कोणी कारकुनानं सवयीनं टाकलेला तो शब्द. त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

गुरुवारी कोर्टात गर्दी होती. भरताला आलेले बहुतेक वकील काही ना काही निमित्त काढून मागच्या बाकांवर बसले होते. मॅजिस्ट्रेट घाटाखालचे, अहिराणी त्यांना कळत नसे, शिरस्तेदार समजावून सांगत. सरकारी बाजूला तेच तीन भाकऱ्यांचे फौजदार. मी पक्षकाराला बजावलं होतं, गुन्हा कबूल नाही म्हणायचं. त्यानं म्हटलं, पण म्हणताना माझ्याकडे असं पाहिलं, की 'आता तुम्ही सांभाळा हं'.

बागाईतदार साक्षीला उभा राहिला. दणकट, लाल पागोट्याचा, रागावलेला माणूस. दोनदा ज्याचा माल गेला त्यानं रागावू नये तर काय करावं. मी उलटतपासणीला उठलो.

"शनिवारी दुपारी तुमच्या बागेत घड होते?"

"नव्हते. सकाळीच उतरवले."

"घड चोरून नेणारा माणूस गोणपाट ओलं करून आणील का?"

त्यानं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "घडाला ओलं गोणपाट? काळे पडतील ना ते."

"मग ओलं गोणपाट कशाला लागतं?"

"पानांना. पान कोमेजू नये म्हणून."

"घड उतरल्यावर त्या झाडाच्या पानाचं तुम्ही काय करता?"

"काय करायचं? खोडासकट तोडायचंच असतं. गाईगुरं खातात. कोणाच्या घरी कार्य असलं तर येऊन नेतात."

"विचारून?"

तो अडला. "बहुतेक विचारून. कोणी नाही विचारत. पानाला कोण भांडतं."

मी खाली बसणार होतो. इथं बसलो असतो तर सगळं निभावलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही कधीकधी वाटतं. पण मॅजिस्ट्रेट पुढं वाकले आणि त्यांनी आरोपीला विचारलं, "तू पानांसाठी गेला होतास?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "हां, साहेब."

"मग चौकीवर केळी का सांगितलीस?"

त्यानं खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"पानं कोणासाठी?"

"मन्हासाठे."

"घरी काय होतं?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदम खोटं बोलायला लागला की फार वाईट बोलतो. तो म्हणाला, "भरीत."

मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं.

"किती पानं लागणार होती?"

"पन्नास."

शिरस्तेदारांनी हे समजावून सांगायची गरज नव्हती. मॅजिस्ट्रेट चष्मा काढून म्हणाले, "तुझ्या घरी पन्नास माणसं भरीत खातात?"

कोर्टात हशा पिकला. तो तसाच उभा. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता आणि तो काही केल्या माझ्याकडे बघेना. आता बघायचं नाही, असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. दाराशी त्याची बायको उभी होती, ती मात्र माझ्याचकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. तो तिला बोलला असणार, आणि तीही तीन दिवस गप्प राहिली होती.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी मागं वळून पाहिलं. बारा-पंधरा जणांनी ते भरीत खाल्लं होतं, त्यातले नऊ-दहा त्या बाकांवर होते. एकानं फाईल उघडली. एकाच्या चष्म्याला अचानक धूळ लागली. फौजदार छताकडे पाहत होते. नाना तेवढे माझ्याकडे बघत होते, पण काही सुचवत नव्हते.

मी उभा राहिलो. "साहेब, तो अज्ञात इसम मी आहे."

मॅजिस्ट्रेटांना वाटलं मी काहीतरी कायद्याचा मुद्दा मांडतोय. म्हणाले, "म्हणजे?"

"पन्नास पानं मी सांगितली होती. रविवारच्या आमच्या भरताला."

त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "आरोपीचा वकील आणि आरोपीचा साक्षीदार एकाच वेळी होता येत नाही. ठरवा."

मी वकीलपत्राचा कागद नानांच्या पुढ्यात ठेवला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेलो. त्या पिंजऱ्याच्या लाकडाला हात टेकण्याची जागा झिजून गुळगुळीत झालेली असते, हे मला त्या दिवशी कळलं. शपथ घेतली. नानांनी दोनच प्रश्न विचारले आणि बसले. मग फौजदार उठले. छताकडे बघायचं संपलं होतं.

"तुम्ही आरोपीला नक्की काय म्हणालात?"

"रविवारी पन्नास पानं आणा."

"कुठून?"

"ते त्यानं विचारलं होतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"कुठूनही."

"एकदाच?"

"दोनदा."

"कुठूनही म्हणजे चोरूनसुद्धा?"

नाना हरकत घ्यायला अर्धे उठले होते. पण माझा स्वभाव आडवा आला. त्या नऊ-दहा झुकलेल्या टाळक्यांचा राग होता, माझा स्वतःचा त्याहून जास्त होता. मी म्हणालो, "कुठूनही म्हणजे, कुठून ते मला ऐकायचं नव्हतं. तो विचारत होता, कारण त्याला नीट आणायची होती. मला घाई होती."

फौजदार खाली बसले. माणूस म्हणून ते वाईट नव्हते.

मॅजिस्ट्रेटांनी निकाल त्याच दिवशी दिला. चोरीचा इरादा दिसत नाही, पान घेण्याची त्या भागातली रीत फिर्यादीच सांगतो, आणि गुन्हाच करायचा नव्हता तर कट कसला. आरोपी सुटला. मला ते निकालाबाहेर म्हणाले, "वकीलसाहेब, सनद नवी आहे तोवर शब्द पुरे उच्चारत जा." मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

बाहेर व्हरांड्यात बागाईतदारानं मला गाठलं. मला वाटलं, हा आता हात टाकतो. तो म्हणाला, "पानं मागितली असती तर गाडीभर धाडली असती. या बिचाऱ्याला कशाला चोर केलंत?"

इथं गोष्ट गोड होते असं कोणाला वाटत असेल तर थांबा. आखाजीला सालदाराच्या मालकानं त्याला ठेवलं नाही. मी आणि नाना, दोघेही सांगायला गेलो. मालक म्हणाला, "सुटला ते खरं, पण धरला तर होता ना." याला पीनल कोडात उत्तर नाही. मी फार भांडलो, म्हणजे मी एकटाच भांडलो, तो नुसता विडी ओढत बसला.

त्याच दिवशी संध्याकाळी सालदाराची बायको ओट्यावर आली. आखाजीचे मांडे घेऊन आली होती, फडक्यात बांधून. बागाईतदारानं माणूस पाठवून नवऱ्याला बोलावून घेतलं होतं. त्याला म्हणाला होता, "कोठडीत बसूनही जो दुसऱ्याचं नाव सांगत नाही, त्याच्या हाती मी माझी बाग देतो." साल ठरलं होतं. मी मांडा खाल्ला, आणि मला रडू आलं तर नाना म्हणाले पुरणात वेलदोडा जास्त झालाय.

पुढल्या पौषात पुन्हा मेहरूणला भरीत ठरलं. माझ्याहून धाकटा एक वकील आला होता, पण पानांचं काम मंडळींनी मुद्दाम माझ्याकडेच ठेवलं. मी पिंप्राळ्याला बागाईतदाराच्या घरी स्वतः गेलो, पागोटं समोर ठेवून बसलेल्या त्या माणसाकडे पन्नास पानं मागितली. त्यानं बरं म्हटलं.

रविवारी दहाच्या ठोक्याला तो सालदार आला. डोक्यावर पानांचा भारा, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. जाळापाशी मंडळी बसली होती तिथं येऊन उभा राहिला. भारा उतरवेना.

"भाऊ, ठेवा की खाली," मी म्हटलं.

तो हलला नाही. "कथाइन आनी, ते ईचारा ना."

बडगीत मिरची ठेचणारा हात थांबला. मी उभा राहिलो आणि विचारलं, "भाऊ, कुठून आणली पानं?"

"मांगीसन आनी," तो म्हणाला. मागून आणली. मग भारा माझ्या हातात दिला आणि पुढं म्हणाला, "धुयेल नही शेतस. ते तुम्ही करा."

मी भारा उचलला आणि विहिरीवर गेलो. पन्नास पानं मी एकेक करून धुतली, दोन्ही बाजूंनी, आणि तो मोटेच्या थारोळ्यावर उकिडवा बसून, एखादं नीट धुतलं नाही की बोटानं दाखवत राहिला.